हाताच्या कामाची किंमत: वेळ, टंचाई आणि न्याय

येवल्याच्या हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावर विणून ‘सेमी पैठणी’ या नावाने विकली जाणारी साडी यांचा रंग एक असू शकतो, पदरावरचे मोरही सारखे दिसू शकतात. किमतीत मात्र अनेक पटींचा फरक असतो. अंग झाकणे आणि समारंभात शोभून दिसणे ही कामे दोन्ही साड्या करतात. मग जादा पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न उरतो. त्याचे दोन भाग आहेत. हाताने घडवलेली, मोजकीच मिळणारी वस्तू महाग का होते, हा पहिला भाग कारणांचा. त्याचे उत्तर अर्थशास्त्र देऊ पाहते. ती महाग असणे योग्य आहे का, हा दुसरा भाग न्यायाचा; त्यावर कौटिल्य आणि ॲरिस्टॉटलपासून गांधी आणि आंबेडकरांपर्यंत अनेकांनी विचार केला आहे. दोन्ही भाग एकमेकांत मिसळले की घाईची अनुमाने निघतात: वस्तू महाग आहे म्हणजे ती श्रेष्ठ असणार, किंवा तिला श्रम जास्त लागले म्हणजे तिला दाम जास्त मिळालाच पाहिजे. प्रत्यक्षात हस्तकलेच्या वस्तूची किंमत एकजिनसी नसते. तिच्यात कारागिराचा वेळ, टंचाईचा भाव आणि प्रतिष्ठेचा भाव असे तीन वेगळे वाटे असतात आणि प्रत्येकाचा नैतिक हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मागावर जाणारा वेळ

पैठणीला नाव मिळाले ते गोदाकाठच्या पैठणवरून. सातवाहनांची ही राजधानी प्रतिष्ठान या नावाने ओळखली जात असे. आज पैठणीचे सर्वांत मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला आणि त्याच्या आसपासची गावे हे आहे. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते, जर सुरतेहून. रेशीम उकळणे, रंगवणे, उलगडणे, ताणा लावणे आणि ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवणे ही कामे विणकाम सुरू होण्याआधीच बराच वेळ घेतात.

खरा वेळ लागतो तो पदराला. साध्या कापडात आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो. पैठणीच्या पदरात तसे होत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी लहान कांडी असते. तिला विणकर तिल्ली म्हणतात. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या हद्दीपर्यंतच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. एका ओळीत अशा अनेक तिल्ल्या हाताने फिरवाव्या लागतात आणि मग ती ओळ फणीने ठोकून बसवली जाते. काठ आणि अंग यांचे रंग वेगळे असतील तर कडियल पद्धतीने तीन धोटे चालवतात: एक अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. तिल्ल्यांच्या या विणीमुळे पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच दिसते. साध्या पदराची साडी काही आठवड्यांत मागावरून उतरते. भरगच्च पदर आणि अंगभर नक्षी असलेल्या साडीला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक.

यंत्रमागावर जकार्ड या नक्षी काढणाऱ्या यंत्रणेच्या साहाय्याने नक्षीचा धागा पूर्ण रुंदीभर नेला जातो. जिथे तो रंग नको असतो तिथे धागा मागच्या बाजूला मोकळा राहतो किंवा कापून टाकला जातो. म्हणूनच साडी पारखणारे पदर उलटून पाहतात. एकदा नक्षी यंत्रावर चढली की दुसरी, दहावी आणि शंभरावी साडी काढायला डोके नव्याने चालवावे लागत नाही. हाताच्या कामात मात्र शंभराव्या साडीलाही पहिल्या साडीइतकेच लक्ष लागते.

या फरकाचा परिणाम काळाबरोबर वाढत जातो. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावरील पुस्तकात त्याची मीमांसा केली. चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत असे तेवढाच आजही लागतो. कारखान्यातील कामगार मात्र त्याच वेळात कित्येक पट माल काढू लागला आणि त्याची मजुरीही वाढली. वादकाला त्याच्या पेशात टिकवायचे तर त्याचे मानधन इतर क्षेत्रांच्या मजुरीबरोबर वाढवावे लागते, आणि उत्पादन तेवढेच असल्याने खर्च चढत जातो. हातमागाला हे तंतोतंत लागू पडते. विणकर आळशी झाला म्हणून पैठणी महाग झालेली नाही. बाकीच्या वस्तू यंत्रामुळे स्वस्त झाल्या, म्हणून तिच्यात गेलेला वेळ तुलनेने महागला.

श्रमाने किंमत ठरते का

मग किंमत म्हणजे वस्तूत गेलेले श्रम असे समीकरण मांडता येईल का? येथे अडचण येते आणि ती दाखवून देणारे उदाहरण मागाचेच आहे. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात इंग्लंडमधील हातमाग विणकराचा दाखला दिला. यंत्रमाग आल्यावर सुताचे कापड करायला लागणारे श्रम सुमारे निम्म्यावर आले. हातमागवाल्याला पूर्वीइतकाच वेळ लागत होता, पण त्याच्या तासाभराच्या कामाची किंमत आता अर्धीच उरली. मार्क्सच्या मते वस्तूचे मूल्य एखाद्या माणसाने प्रत्यक्ष खर्च केलेल्या वेळावर ठरत नाही, तर त्या काळच्या समाजात ती घडवायला सर्वसाधारणपणे जेवढा वेळ पुरतो त्यावर ठरते. कोणी मुद्दाम सावकाश काम केले म्हणून त्याचा माल मौल्यवान होत नाही.

हा नियम साध्या सुती कापडाला लागू पडला आणि इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही हातमागावर जगणारी असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली. पैठणीला तो सरळ लागू पडत नाही, याचे कारण डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्येच नोंदवले होते. रिकार्डो स्वतः श्रममूल्याचा पुरस्कर्ता, पण त्याने एक वर्ग बाजूला काढला: दुर्मीळ पुतळे आणि चित्रे, जुनी नाणी व ग्रंथ, विशिष्ट जमिनीतच होणारे मद्य. कितीही श्रम ओतले तरी अशा वस्तूंचा पुरवठा वाढवता येत नाही. त्यांची किंमत टंचाई आणि घेणाऱ्यांची ऐपत व हौस यांवर ठरते. हाताची पैठणी या दोन वर्गांच्या सीमेवर आहे. नवी पैठणी विणता येते, त्यामुळे ती जुन्या पुतळ्यासारखी नाही; पण कसबी हात तयार व्हायला वर्षे लागतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून पुरवठा लगेच वाढत नाही. येथे वस्तूइतकेच कौशल्यही दुर्मीळ असते.

टंचाई आणि इच्छा

टंचाईचे कोडे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पाणी आणि हिऱ्याच्या उदाहरणाने मांडले होते: पाण्याशिवाय जगता येत नाही, तरी ते जवळजवळ फुकट, हिऱ्याचा उपयोग नगण्य, तरी तो अतिशय महाग. १८७१ मध्ये कार्ल मेंगर आणि विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी स्वतंत्रपणे त्याचे उत्तर शोधले. माणूस ‘सगळे पाणी की सगळे हिरे’ अशी निवड कधी करत नाही. हाताशी असलेल्या साठ्यात आणखी एका नगाची भर पडली तर त्याचे समाधान किती वाढेल, याचा तो विचार करतो. मुबलक वस्तूच्या आणखी एका नगाला फारसे महत्त्व उरत नाही, दुर्मीळ वस्तूच्या नगाला ते खूप असते.

या उत्तरातून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसती टंचाई किंमत देत नाही. कोणाला तरी ती वस्तू हवी असावी लागते. पेशवाईच्या काळात पैठणीला दरबारी आश्रय होता. तो सरल्यावर आणि गिरणीचे कापड आल्यावर पैठणीचे माग कमी झाले, म्हणजे टंचाई वाढली, पण त्यामुळे विणकर श्रीमंत झाला नाही. गिऱ्हाईकच घटले होते. अनेक हस्तकला अशाच दुर्मीळ होत होत नाहीशा झाल्या. टंचाईला भाव येतो तो मागणी परतल्यावर.

ही मागणी कशाची असते, यावर थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ मध्ये बोचरे विवेचन केले. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने केलेला हलक्या धातूचा चमचा यांची तुलना करून त्याने दाखवले की जेवणाच्या कामी दोन्ही सारखेच. किंबहुना स्वस्त चमचा अधिक सोयीचा. महागड्या चमच्याचे सौंदर्य म्हणून ज्याचे कौतुक होते त्यातील मोठा भाग महागपणाचाच असतो. हाताच्या कामातील किंचित खोट हीसुद्धा प्रतिष्ठेची खूण बनते, कारण ती यंत्राच्या सफाईपेक्षा जास्त खर्चाची साक्ष देते. या दृष्टीने टंचाई मिरवण्यासाठी असते, आणि ज्या दिवशी प्रत्येकीकडे खरी पैठणी असेल त्या दिवशी तिची ही ओढ संपेल.

याच्या नेमकी उलट भूमिका जपानमधील सोएत्सु यानागी यांची होती. बौद्ध विचाराशी नाते सांगणाऱ्या यानागींनी १९२० च्या दशकात लोककलेची चळवळ उभी केली आणि १९३६ मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उघडले. त्यांच्या मते हस्तकलेचे खरे सौंदर्य रोजच्या वापराच्या, स्वस्त, मोठ्या संख्येने बनणाऱ्या आणि कर्त्याचे नाव नसलेल्या भांड्यांत व कापडांत असते. तीच कृती हजारो वेळा केल्याने कारागिराचा अहंकार गळतो आणि वस्तूत सहजता येते. हे मान्य केले तर हाताच्या कामाचे मोल आणि टंचाई यांचा संबंध योगायोगाचा ठरतो. व्हेब्लेन आणि यानागी या दोघांकडून निघणारा निष्कर्ष मात्र एकच आहे: टंचाई बाजारभाव वाढवते, वस्तूचा गुण वाढवत नाही.

दिसायला सारखे, तरी वेगळे

समजा यंत्र इतके सुधारले की पदराची उलट बाजूही हुबेहूब झाली आणि पारखी नजरही फसली. मग हाताच्या साडीला जादा पैसे देण्यात अर्थ उरेल का? तत्त्वज्ञानात हा प्रश्न नकली चित्रांच्या संदर्भात चर्चिला गेला. नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की आज दोन चित्रांत फरक दिसत नसला तरी त्यांतले एक अस्सल आहे हे ज्ञानच पाहण्याची रीत बदलते आणि नजर घडवते. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधात म्हटले की मूळ वस्तूभोवती तिच्या स्थळकाळाचे, इतिहासाचे एक वलय असते आणि प्रतींच्या गर्दीत ते विरते.

या युक्तिवादात एक पूर्वअट दडलेली आहे. वस्तूचा इतिहास हाच तिच्या किमतीचा भाग असेल, तर तो इतिहास खरा असला पाहिजे. यंत्रमागाची साडी स्वस्तात विकण्यात काहीही गैर नाही. ज्यांना हातमागाची परवडत नाही त्यांना ती रंग आणि नक्षीचा आनंद देते. गैर आहे ते तिला हातमागाची म्हणून विकणे. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि त्याहून मोठे नुकसान विणकराचे होते, कारण त्याच्या कामावरचा विश्वास उडतो. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले आणि १९९९ च्या कायद्याने भौगोलिक निर्देशांकाची सोय झाली. पैठणीलाही असा निर्देशांक मिळाला आहे. या उपायांचे नैतिक समर्थन सत्याच्या या मागणीतून येते.

न्याय्य किमतीचा विचार

किंमत योग्य कधी, हा प्रश्न धर्मविचाराने अर्थशास्त्राच्या कितीतरी आधी हाताळला. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात विचारले की घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांच्या कामांची अदलाबदल कोणत्या प्रमाणात झाली म्हणजे न्याय होईल. भिन्न वस्तूंना एका मापात आणणारी गोष्ट म्हणजे माणसांची एकमेकांविषयीची गरज, असे त्याचे उत्तर होते. संत ऑगस्टिन यांनी पाचव्या शतकात दाखवले की निसर्गातील श्रेणी आणि बाजारातील श्रेणी जुळत नाहीत: सजीव प्राणी निर्जीव रत्नापेक्षा श्रेष्ठ, तरीही दासीपेक्षा रत्नाला आणि गुलामापेक्षा घोड्याला जास्त दाम पडतो. बाजारभाव हा वस्तूच्या श्रेष्ठतेचा पुरावा नाही, हे यातून उघडच होते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी येथे एक सूक्ष्म भेद केला, आणि तो आजही उपयोगी आहे. वस्तू हातातून गेल्याने विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत असेल तर ते किमतीत धरणे योग्य. पण घेणाऱ्याला तिची विशेष निकड आहे एवढ्याच कारणाने दाम चढवणे अयोग्य, कारण ती निकड विकणाऱ्याची नाही; जे आपले नाही ते विकता येत नाही. लग्नसराईत वधूपक्षाची घाई पाहून वाढवलेला भाव या कसोटीवर टिकत नाही. विणकराच्या महिन्यांचा मोबदला टिकतो. सोळाव्या शतकातील सालामांका परंपरेतील स्पॅनिश लेखकांनी याला दुसरी बाजू जोडली. लुइस साराविया दे ला काले याने १५४४ मध्ये बजावले की श्रम आणि खर्च मोजून न्याय्य किंमत काढणारे चुकतात. ती मालाच्या विपुलतेने आणि टंचाईने ठरते. त्याच्या दृष्टीने फसवणूक आणि मक्तेदारी नसलेल्या खुल्या बाजारातला भाव हाच न्याय्य.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन्ही टोकांना धरून राज्यव्यवस्था सांगितली आहे. सूत्राध्यक्षाने सूत बारीक, मध्यम की जाडे हे पाहून मजुरी ठरवावी, सणाच्या दिवशी काम करवून घ्यायचे तर जादा द्यावे. म्हणजे कसबाचा मोबदला कसबाच्या प्रमाणात. दुसरीकडे, ठरलेल्या दरावर व्यापाऱ्याला देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० इतकाच नफा घेण्याची मुभा. मालाच्या किमतीत कारागिराचा वाटा आणि व्यापाऱ्याचा वाटा वेगळे मोजायचे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

कर्म, पूजा आणि जात

भारतीय धर्मपरंपरेने हाताच्या कामाला आणखी एक अर्थ दिला. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वतःच्या कर्माने ईश्वराची पूजा करून माणूस सिद्धीला पोचतो, असा विचार आहे. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी, नामदेव शिंपी आणि उत्तरेत विणकर कबीर यांच्या परंपरेने हा विचार चाकावर, भट्टीत, मळ्यात आणि मागावर आणला. कारागिरांची प्रतिष्ठा केवळ कल्पनेतली नव्हती. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे; त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले आणि त्यांच्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली. मंदसोरच्या शिलालेखानुसार लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने पाचव्या शतकात आपल्या कलेने मिळवलेल्या धनातून सूर्यमंदिर उभारले. अशा व्यवस्थेत कसबाला मिळालेला दाम कसबी माणसांच्याच हाती राहत होता.

मात्र याच परंपरेने काम जन्माशी बांधले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या पुस्तकात दाखवले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच उतरंडीने केलेली विभागणी आहे. त्यामुळे एक विसंगती घडली: हाताने घडवलेल्या वस्तूला देव्हाऱ्यात आणि दरबारात मान, घडवणाऱ्या हाताला पंगतीत खालची जागा. पुढे १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, कारण पशुवत कष्टांतून सुटका आणि फुरसत मिळाल्याशिवाय सामान्य माणसाला संस्कृतीत वाटा मिळत नाही. हस्तकलेची महती गाताना हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. कारागिराला दुसरा मार्ग नाही म्हणून तो मागावर बसला असेल, तर त्याच्या घामाचे सौंदर्य वाखाणणे ही क्रूरता होते.

खादी महाग का ठेवली गेली

या वादात गांधींची भूमिका किमतीच्या प्रश्नापुरती वेगळी तपासावी लागते. जॉन रस्किन यांचे ‘अनटू धिस लास्ट’ त्यांनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या प्रवासात वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा सारांश गुजरातीत मांडला. स्वस्त वस्तू घेताना तिची स्वस्ताई कोणाच्या हालातून आली हे ग्राहकाने पाहावे, हा रस्किन यांचा आग्रह खादीच्या अर्थशास्त्रात उतरला. खादी दुर्मीळ असावी असे गांधींना कधीच वाटले नाही. ती घरोघरी व्हावी अशी त्यांची इच्छा होती. तरीही १९३५ मध्ये त्यांच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांना निर्वाह होईल अशी किमान मजुरी देण्याचे धोरण घेतले, आणि त्यामुळे खादी महागणार हे माहीत असूनही ते घेतले. येथे महागाईचे कारण टंचाई नाही, प्रतिष्ठाही नाही. ते उघडपणे मजुरीचे आहे. हातकाम घरोघरी पोचवणे विल्यम मॉरिस यांना इंग्लंडमध्ये जमले नव्हते. सर्वांसाठी कला हवी म्हणणाऱ्या या समाजवादी कलावंताच्या हातकामाच्या वस्तू अखेर श्रीमंतांनाच परवडल्या, आणि या विसंगतीची त्यांना जाणीव होती.

किमतीचे समर्थन कुठपर्यंत

या सर्व विचारांतून जादा किमतीचे तीन वाटे आता वेगवेगळे तोलता येतात. कारागिराच्या वेळेचा वाटा सर्वांत भक्कम आहे. बॉमल यांचे कारण त्याला लागू पडते, कौटिल्य आणि अक्वायनस त्याला मान्यता देतात आणि गांधींनी तो मुद्दाम वाढवला. ग्राहकावर हाताचीच वस्तू घेण्याचे बंधन नाही. पण ती घेतली तर तिच्यात गेलेले महिने फुकट मागण्याचा त्याला अधिकार नाही.

टंचाईच्या वाट्याचे समर्थन सशर्त आहे. कौशल्य शिकायला वर्षे लागतात म्हणून आलेली टंचाई खरी आहे आणि तिचा भाव नव्या शिकणाऱ्यांना मागाकडे आणण्याचे काम करतो. पण तो भाव विणकरापर्यंत न पोचता मधल्या साखळीत अडकला, तर तरुण मुले माग सोडतात, टंचाई आणखी वाढते आणि त्या वाढीचा फायदाही साठा हाती असणाऱ्यालाच होतो. तेव्हा तो भाव कसबाचा मोबदला राहत नाही. कसब मरण्यावर मिळणारा नफा होतो. प्रतिष्ठेचा वाटा सर्वांत कमकुवत आहे. तो देणे हा ग्राहकाचा खुशीचा व्यवहार असू शकतो, पण त्याला कलेचा किंवा धर्माचा आधार सांगता येत नाही.

म्हणून हाताची वस्तू महाग असणे न्याय्य आहे का, याचे उत्तर केवळ वस्तूकडे पाहून देता येत नाही. ती खरोखर हाताची आहे का, जादा रकमेतील किती पैसा त्या हाताला मिळतो आणि तो हात मागावर स्वेच्छेने आहे का, या तीन गोष्टी कळाव्या लागतात. तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर महाग पैठणीची किंमत न्याय्य आहे. नसतील तर तीच किंमत, तेवढ्याच आकड्याची असूनही, अन्याय्य ठरते.